पंख्याचा आवाज

मी कॉम्प्युटरसमोर बसलो की आई मालिकेचा आवाज बंद करते आणि नुसते हलणारे ओठ बघत राहते. गेम लावला की माझ्या जुन्या मशीनचा पंखा घुमायला लागतो. आईला वाटतं, पोराचा अभ्यास जोरात चाललाय.

परवा मशीन उघडून मी पंख्यातली धूळ काढली. आज गेम लावला, तर सगळं शांत. आई दारात आली.

"आज अभ्यास नाही होय रे? बरं वाटत नाही का?"

"पंखा साफ केलाय गं," एवढंच म्हणालो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अभ्यास कसा दिसतो, कसा ऐकू येतो, हे ती माझ्यावरूनच शिकते आहे.

गेम बंद करून मी टीव्हीचा आवाज वाढवला. तिने तो पुन्हा बंद केला.