अंधारात चमकणाऱ्या पेशी

लॅबमध्ये रिझल्ट यायला वर्षं लागतात, किस्से मात्र रोज साचतात! विष्णुपुरीच्या बाजूला आमची लॅब. आमच्या गाईड मॅडम, मी, नांदेडचा उस्मान आणि सुरेखा. काम काय? डीएनएचा बारकासा धागा घ्यायचा, ॲप्टामर म्हणतात त्याला. तो ठरावीक पेशीलाच जाऊन चिकटतो. त्याला कार्बनचे चमकणारे कण जोडायचे, की ती पेशी अंधारात उजळते. दिवसभर हेच स्वप्न बघून राहिलो होतो आम्ही.

*

ते कण उस्मान लिंबाच्या रसातून बनवायचा. एकदा रस जास्तच आटला. कॉरिडॉरभर करपट वास! मॅडम धावत आल्या. "उस्मान, पीएचडी करताय का लोणचं?"

"मॅडम, दोन्ही बुडाला लागलंय!"

*

सुरेखा लातूरच्या कोचिंगमध्ये तयार झालेली. सेमिनारमध्ये मॅडमनी विचारलं, "सिग्नल का येत नसेल?"

सुरेखा शांतपणे म्हणाली, "मॅडम, ऑप्शन द्या की!"

*

एकदा भर दुपारी लाइट गेली. खिडक्यांना काळे कागद लावलेले, त्यामुळे आत मिट्ट काळोख. उस्माननं यूव्ही टॉर्च लावला आणि रॅकमधल्या साऱ्या नळ्या निळ्या झाल्या. आमचे हातसुद्धा निळे. सगळे नळ्यांभोवती गोळा झालो. तेवढ्यात जनरेटर सुरू झाला.

मॅडम म्हणाल्या, "कुणी लावली रे ही लाइट? बंद करा!"

*

सुरेखा किल्लारीची. भूकंपात आई आणि धाकटा भाऊ घराखाली सापडले. आईला बाहेर काढलं. भावापर्यंत पोचायला लोकांना उशीर झाला. तेव्हापासून बंद खोलीत सुरेखाचा जीव घाबरायचा. मायक्रोस्कोपच्या डार्करूमचं दार ती उघडंच ठेवायची. मग उजेड शिरून सगळे फोटो पांढरे! थिसिस तिथंच अडकला.

एक दिवस आई लॅब बघायला आली. डार्करूममध्ये आम्ही तिला मायक्रोस्कोपपुढं स्टुलावर बसवलं. ती म्हणाली, "काईच दिसंना. दार लाव की."

सुरेखा हलेना.

"लाव गं. मी हाय ना हितं."

सुरेखानं दार लावलं. आईनं पुन्हा डोळा लावला. काळ्याभोर अंधारात निळ्या पेशी उमलल्यासारख्या चमकत होत्या. आई कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे अंधारात कुठं बी असलं, तरी सापडतं?"

"हाव, आई."

"लगीच?"

"लगेच."

आईनं डोळा काढला नाही. हळूच म्हणाली, "आपल्या वक्ताला हे नव्हतं व्हय गं?"