खात्री मध्यम

माझी मावशी हवामानखात्याच्या समुद्रविभागात नकाशे भरायची. ‘भरायची’ हा तिचाच शब्द. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती, मधोमध काचेचं टेबल आणि काचेखाली दिवा. शेजारच्या खोलीत बिनतारी यंत्रावर जहाजांचे आकडे यायचे : वारा कुठून, किती जोराचा, हवेचा दाब किती, लाट केवढी. ते कागद हातात पडले की मावशी टोकदार टाकाने कोऱ्या समुद्रावर एकेक जहाज मांडायची. तिचं अक्षर तांदळाच्या कणीएवढं, पण सुटं आणि स्वच्छ. अंदाज काढायचं काम मात्र साहेबांचं. मावशीने आकडे मांडायचे, साहेबांनी त्यांचा अर्थ लावायचा आणि मावशीने गप्प बसायचं, अशी रीत होती. पहिल्या दोन गोष्टी सुरळीत चालायच्या.

तिसरी काही तिला जमली नाही. ऑफिसात तिला ‘पाराबाई’ म्हणत. ती पाऱ्याचे आकडे सांभाळते म्हणून, असं तोंडावर सांगत. माघारी वेगळं कारण सांगत. काका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, शांत माणूस. ते म्हणायचे, “दोन्ही कारणं खरी आहेत.”

एका वर्षी वादळांच्या मोसमात साहेबांनी इशारा दिला. दोनशेच्या वर बोटी धक्क्याला बांधून राहिल्या. वादळ आलंच नाही. भर समुद्रात वळलं आणि उत्तरेला निघून गेलं. इकडे दोन दिवस लख्ख ऊन. तिसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन थांबेना. साहेब म्हणाले, “उचलू नका. होतील शांत.”

मावशीने फोन उचलला नाही. तिने नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि सरळ बंदरावर गेली.

तिथे बोटवाले वाटच बघत होते म्हणायचे. एका म्हाताऱ्याने जाळं विणता विणता विचारलं, “काय बाई, तुमचं वादळ वाटेत चहाला थांबलं का?” सगळे हसले. मावशीही हसली. मग बर्फाच्या पेटीवर तिने नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि वादळ कुठे होतं, कुठून वळलं ते बोटाने दाखवलं. म्हातारा वाकून बराच वेळ बघत राहिला.

“हे वळू शकतं, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?”

“शक्यता होती.”

“मग तसं सांगायचं ना! आम्ही काय लहान पोरं आहोत? तुम्हाला किती खात्री आहे ते सांगा, पुढचं आमचं आम्ही बघू.”

मावशी परत आली ती हे वाक्य डोक्यात घेऊनच. अंदाजाच्या शेवटी एक ओळ घालायची : खात्री कमी, मध्यम की जास्त. साहेब भडकले. “बाई, आपण अंदाज देतो, माफीनामा नाही!” मावशी रोज तीच ओळ पेन्सिलीने लिहायची, साहेब रोज खोडायचे. असं सात महिने चाललं. शेवटी खोडरबर संपलं की साहेबांचा धीर, ते माहीत नाही. पण ओळ राहिली. सुरुवातीला बंदरावर तिची टिंगल झाली. मग हळूहळू बोटवाले रेडिओला कान लावून त्या एका ओळीसाठी थांबू लागले.

त्यानंतर दोन वर्षांनी ती सकाळ आली.

उपग्रहाच्या चित्रात विशेष काही नव्हतं. विस्कटलेले ढग, एवढंच. दोनशे चौदा बोटी समुद्रात होत्या. मावशी सात वाजताचे आकडे मांडत होती आणि एका मालवाहू जहाजापाशी तिचा टाक थबकला. कालच्या सातपेक्षा दाब चार मिलिबारने खाली. शिवाय त्या भागात वारा एरवी पूर्वेकडून येतो, तो आज पश्चिमेकडून येत होता.

“साहेब, हे बघा जरा.”

साहेबांनी चष्मा वर केला. “ते जहाज? भंगारात जायचं राहिलंय. यंत्र बिघडलं असेल त्याचं.”

मावशीने खणातून एक वही काढली. कुठल्या जहाजाचं यंत्र किती चुकतं, याची नोंद ती नऊ वर्षं ठेवत होती, कुणी सांगितलेलं नसताना. पान उघडून तिने साहेबांपुढे धरलं.

“हे जहाज खोटं बोलतं, साहेब. पण रोज एकच खोटं बोलतं. एक मिलिबार जास्त सांगतं, ना कमी ना अधिक. कालही तेवढंच चुकलं, आजही तेवढंच चुकत असणार. म्हणजे चारची घसरण खरी आहे.”

एवढ्या एका आकड्यावर दोनशे बोटी माघारी बोलवायच्या, हे सोपं नव्हतं. मावशी म्हणाली, “दहा वाजता पुन्हा आकडा मागवू. आपल्या उष्ण समुद्रावर सकाळी सात ते दहा दाबाचा पारा चढतो, रोज चढतो. आज उतरला, तर मग बोलायचं काही उरत नाही.”

जहाजाला निरोप गेला. दहा वाजून सहा मिनिटांनी उत्तर आलं. पारा आणखी दोनने उतरला होता.

साहेबांनी कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि आपली खुर्ची मागे सरकवली. “बसा. लिहा तुम्ही.”

मावशीने लिहिलं : वादळ तयार होत आहे, उद्या दुपारनंतर किनाऱ्याजवळ येईल, लाटा दोन माणसांएवढ्या उंच, सर्व बोटींनी ताबडतोब परतावं. खाली लिहिलं, खात्री मध्यम. साहेब म्हणाले, “जास्त लिहा की! घाबरून लवकर येतील.”

“आज खोटं लिहिलं तर उद्या कोण ऐकेल, साहेब?”

एकच्या वेळेला तो अंदाज रेडिओवर गेला. संध्याकाळपासून बोटी येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी धक्क्यावर उभी राहून मोजत होती. दुपारी बारापर्यंत दोनशे बारा. आभाळ काळवंडलं होतं, वाऱ्याने उभं राहवेना. एकच्या सुमाराला शेवटच्या दोन एकदमच आल्या. एकीचं इंजिन बंद पडलं होतं आणि दुसरीने तिला दोर बांधून ओढत आणलं होतं. ओढणाऱ्या बोटीच्या सुकाणूवर तोच जाळं विणणारा म्हातारा होता.

“मध्यम म्हणालात म्हणून माघारी निघालो, बाई,” तो ओरडून म्हणाला. “मध्यम म्हणजे किती, ते आता कळलं आम्हाला.”

चारला वादळ धडकलं. छपरं उडाली, धक्क्याला बांधलेल्या तीन बोटी फुटल्या. माणूस एकही गेला नाही.

साहेबांनी वर अहवाल पाठवला, त्यात अंदाज कुणाचा या रकान्यात मावशीचं नाव घातलं. वरून विचारणा आली की नकाशे भरणारीने अंदाज कसा काय काढला? साहेबांनी एका ओळीत उत्तर दिलं, “बरोबर काढला.” आणि मावशीला खात्याच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला. ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. गणिताची पुस्तकं घेऊन ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून अभ्यास करायची, काका समोर बसून प्रश्न विचारायचे, आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नसल्यामुळे प्रत्येक उत्तराला “वा!” म्हणायचे.

ती पास झाली. नकाशे भरणाऱ्यांतून अंदाज काढणारी झालेली ती आमच्या खात्यातली पहिली. ‘आमच्या’ म्हणते, कारण पुढे मीही त्याच खात्यात लागले.

तिचा पहिला स्वतंत्र अंदाज काकांनी आणि मी घरी रेडिओपाशी बसून ऐकला. काकांनी ठेवणीतला सदरा घातला होता, जणू रेडिओतून ती त्यांना बघणार होती. मला वाटलं होतं, निदान एखादं लहानसं वादळ तरी असेल. तिचा आवाज आला, स्वच्छ आणि संथ : “समुद्र शांत. वारा मंद, पूर्वेकडून. लाटा गुडघाभर. बोटींनी खुशाल जावं. खात्री जास्त.”

काका उठले, खिडकी सताड उघडली आणि त्यांनी रेडिओचा आवाज मोठा केला.