वेगळं व्हायचं कलम

वकील माझा जुना विद्यार्थी. त्यामुळे त्याचं ऐकून घ्यायचं सोडून आम्ही त्यालाच शिकवत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा जमीन घेत होतो, तीही दोघींत मिळून एक, आणि दोघींनाही वाटत होतं की आपल्याला सगळं कळतं.

मी अमरावतीत मराठी शिकवायची, माझी मैत्रीण अकोल्यात गणित. दहावीचे पेपर तपासताना ओळख झाली ती पुढे पंचवीस वर्षं टिकली. मी लग्न केलं नाही. तिचा नवरा लवकर गेला, मुलगा पुण्यात नोकरीला लागला. निवृत्तीनंतर नांदगाव पेठेकडच्या एका ले-आउटमध्ये प्लॉट घ्यायचा, त्यावर दोन खोल्या तिच्या, दोन माझ्या आणि स्वयंपाकघर एकच, असं आमचं ठरलं. एकच स्वयंपाकघर हा तिचा आग्रह. मला तिच्या हातचं तिखट सोसत नाही, पण मी हो म्हटलं.

वकिलानं काम चोख केलं. सातबारा पाहिला, जमीन बिगरशेती केल्याची एनएची ऑर्डर पाहिली, जमीन आधी कोणाकोणाची होती ते शोधून काढलं. मग आम्हा दोघींमधला करारनामा वाचून दाखवायला बसला. एक गेली तर दुसरीनं मरेपर्यंत तिथंच राहायचं, वारसांनी तिला उठवायचं नाही, हे कलम आम्ही हसत हसत मान्य केलं. आधी कोण जाणार यावर तिनं माझ्याशी पैजसुद्धा लावली. पुढचं कलम असं होतं की एकीला आपला हिस्सा विकायचा झाला तर तिनं आधी दुसरीला विचारायचं आणि तिला सहा महिन्यांची मुदत द्यायची.

"हे काहून पाहिजे?" ती म्हणाली.

"मॅडम, उद्या वेगळं व्हाची वेळ आली तं?"

"आमाले वेगळं व्हायचंच नाई. खोड ते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, खोडून टाक. तेव्हा मला इतका आनंद झाला होता की आज आठवला तरी स्वतःचा राग येतो. मरणाचा विचार आम्ही केला होता. एक जण नुसती दुसरीकडे राहायला जाईल, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी कॅमेऱ्यासमोरच्या एका स्टुलावर आम्ही दोघी टेकलो. "मॅडम, एकेकीचा फोटो असतो," म्हणत ऑपरेटरनं तिला उठवलं. अंगठे उमटले, प्लॉट आमचा झाला. तारेचं कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं. कुलूप तिनं अकोल्याहून आणलं. त्याला दोन चाव्या होत्या, एक तिची, एक माझी.

मग महिन्यातून एक रविवार ठरलेला. ती एसटीनं यायची, मी स्टँडवरून तिला स्कूटीवर बसवून न्यायची. फक्कीनं खोल्या आखायच्या, त्या आखलेल्या स्वयंपाकघरात सतरंजी टाकून डबा खायचा आणि ओटा कुठल्या बाजूला घ्यायचा यावरून भांडायचं. पलीकडे कोणाच्या तरी कपाशीची पऱ्हाटी उभी असायची, लांब कापडाच्या कारखान्यांची शेडं दिसायची. तेवढं भांडण झालं की मला पुढचा महिनाभर घरात एकटं वाटायचं नाही.

पुण्यात तिला नात झाली. दोन महिन्यांसाठी म्हणून ती तिकडे गेली.

"दिवाळी झाली की येऊनच राहिली मी," ती फोनवर म्हणायची. पहिल्या दिवाळीला मी वाट पाहिली, दुसऱ्या दिवाळीलाही पाहिली. नात शाळेत जायला लागली तेव्हा मी विचारायचं सोडलं. रविवारी मात्र जात राहिले. आधी माझ्या खोल्या आखायच्या, मग तिच्या. डबा एकटीनं खाल्ला की पाच मिनिटांत संपतो, हे मला तिथं कळलं.

एक दिवस तिच्या मुलाचा फोन आला. "मावशी, इथं मोठा फ्लॅट घेतोय. आईचा हिस्सा मोकळा करायचा आहे." मी म्हटलं, आईला दे. ती फोनवर आली आणि आधी इकडच्या पावसाचं विचारत बसली. मग म्हणाली, "तुलेच देऊ म्हणत होती मी. पण हा घाई करून राहिला."

मी वकिलाकडे गेले. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही, तेवढी कृपा केली. "ते कलम असतं तं सहा महिने भेटले असते. आता त्या आपला हिस्सा कोणालेही विकू शकतात, मॅडम." या वयात, तेही अर्ध्या प्लॉटवर, बँक मला तिचा हिस्सा घ्यायला कर्ज देईना. आणि कुठला अर्धा माझा, हे कागदावर कुठंच नव्हतं. तिच्या जागी कोणी परका आला तर त्याच्याशी ओट्यावरून भांडू का? तिच्या मुलानं शोधलेलं एक गिऱ्हाईक माझ्या हिश्श्यासकट पूर्ण प्लॉट घ्यायला तयार होतं. आठ दिवस मी तिचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी मुलाला होकार कळवला.

विक्रीच्या दिवशी ती आली नाही. गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही म्हणून तिनं मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं होतं. गुडघे दुखत असतीलही. मी सकाळी दोन डबे भरून नेले होते, ते पिशवीतच राहिले. पुन्हा तेच स्टूल, तोच कॅमेरा. माझ्यानंतर तिच्या जागी तिचा मुलगा बसला.

सगळं उरकल्यावर घेणाऱ्यानं फाटकाच्या चाव्या मागितल्या. मी माझी चावी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. मुलगा ओशाळला. "मावशी, आईनं तिची चावी दिली नाही. खूप मागितली. म्हणाली, ती मी देणार नाही."

"राहू द्या," घेणारा म्हणाला, "कुलूप तं मी नवीनच लावणार हाव."

माझी चावी त्याच्यापुढे टेबलावर पडली होती. त्याला तिचा काही उपयोग नव्हता. हात पुढे करून ती परत मागायची मला लाज वाटली.