डाव्या कुशीवर

नळी हातात घेतली, की आमचे सर ती आधी स्वतःच्या गालाला लावायचे.

दचकू नका, उकळून धुतलेली असायची! वीतभराहून थोडी लांब, चकचकीत पोलादी नळी. टोकाशी गव्हाच्या दाण्याएवढा दिवा, मागे बघायला काच आणि हवा भरायला रबरी फुगा. गुदद्वारातून ती आत सरकवायची आणि आतड्याचा शेवटचा भाग डोळ्यांनी पाहायचा. टेबलावरचा माणूस आधीच भीतीनं अर्धा झालेला असे. सर नळी गालाला लावून जाहीर करायचे, "गार नाही, गरम नाही. जावयासारखी आहे. कोमट!" माणूस हसला, की त्या हसण्याबरोबर नळी आत गेलेली असायची.

"झालं?" तो विचारायचा.

"जावई घरात आला. आता घर पाहू द्या त्याले."

साठ सालच्या आसपासची गोष्ट. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात सर सर्जन होते आणि मी त्यांच्या हाताखालचा डॉक्टर. त्यांचं घर चांदूर रेल्वेकडचं, छप्पन साली बौद्ध झालेलं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. सर इंग्रजी अस्खलित बोलत. पण रोग्याशी मात्र वऱ्हाडी. "पोट वऱ्हाडी आहे बे. इंग्रजीत विचारलं तर उत्तर देईल काय?"

प्रत्येकाला ते डाव्या कुशीवरच झोपवायचे. गुडघे पोटाशी, अंगावर चादर. मग थोडी थोडी हवा भरत, सावकाश नळी पुढे.

याच्याच बरोब्बर उलट पद्धत अकोल्यात होती. तिथे सरांचे नागपूरपासूनचे वर्गमित्र स्वतःचा दवाखाना चालवत. ते रोग्याला गुडघ्यांवर आणि कोपरांवर उभं करायचे. डोकं उशीत, पाठीमागचा भाग आभाळाकडे. पोट खाली लोंबतं, आतडं आपोआप उघडतं, हवा भरायची गरजच फारशी पडत नाही.

तुम्हीही असे दोन मित्र पाहिले असतील, ज्यांना भांडल्याशिवाय जेवण जात नाही. महिन्याच्या एखाद्या रविवारी आम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायचो आणि जेवणाच्या पाटावर बसताच दोघांची जुंपायची. विषय काय, तर हा! वाढणारी माणसं ताटं ठेवून पळत.

"तुझ्या टेबलावर इज्जत दिसते, आतडं दिसत नाही," अकोल्याचे डॉक्टर म्हणायचे.

"आणि तुझ्या टेबलावर माणूस दिसत नाही, घोडा दिसते!"

एकदा परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर मागे गेल्यावर, सर मला हळूच म्हणाले होते, "माझा बाप जन्मभर वाकला बे. समोरून कोणी आलं, की वाकून बाजूले. माझ्या टेबलावर कोणी वाकणार नाही. पाटीलबी नाही अन् मजूरबी नाही." त्यानंतर मी त्या भांडणात कधी हसून भर घातली नाही.

एका रविवारी अकोल्याचे डॉक्टर इरेला पेटले. "एकाच माणसाले दोन्ही तऱ्हेनं तपासून पाहू. कोणाले जास्त दिसते ते कळेल."

"असा माणूस आणता कुठून?" मी विचारलं.

"आणाचा कायले?" सर पाटावरून उठले. "मी आहे ना. म्हणूनच तर जेवलो नाही."

आणि खरंच, त्यांचं ताट तसंच होतं. सकाळी एनिमा घेऊन, रिकाम्या पोटी हा गृहस्थ गाडीत बसला होता. भांडण आज इथवर येणार, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं! आम्ही दोघं हसलो. तपासणीच्या खोलीत जाईपर्यंत हसतच होतो.

आधी अमरावती. सर डाव्या कुशीवर झोपले, नळी माझ्या हातात. गुरूच्या आतड्यात डोकावण्याचं भाग्य किती शिष्यांना लाभतं? मी सावकाश आतड्याच्या वळणापर्यंत गेलो. सगळं गुलाबी, ओलं, तकतकीत. "सर, लग्नाच्या मांडवासारखं स्वच्छ आहे," मी म्हणालो.

मग अकोला. सर स्वतः गुडघ्यांवर झाले, कोपरं टेकली, उशीत तोंड घातलं. "दाखव आता तुझी करामत," उशीतून आवाज आला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नळी घातली. बोलत होते, बोलत होते, आणि बोलायचे थांबले.

ज्यांनी तो माणूस पाहिलाय, त्यांनाच त्या गप्प होण्याचा अर्थ कळेल. जेवताना, झोपताना, टाके घालताना न थांबणारं तोंड बंद. त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि काचेपासून बाजूला झाले.

मी डोळा लावला. वळणाच्या अलीकडे, मघाशी मिटलेली एक घडी आता उघडी पडली होती. तिच्यामागे काहीतरी बसलेलं होतं.

"काय दिसून राहिलं?" उशीतून प्रश्न.

"सर, मला वाटतं..." मी सुरुवात केली.

"अरे, काय वाटते ते नको सांगू. दिसते ते सांग."

"सर... बोराएवढं. लाल. देठ नाही, बुडाशी पसरलंय. नळी लागली तिथून रक्त येतंय."

"मधे खड्डा?"

"आहे."

उशी म्हणाली, "तुकडा घे. तसाच आहो मी, हलत नाही."

अकोल्याच्या डॉक्टरांनी चिमट्यानं तुकडा घेतला. सर उतरून कपडे सावरत असताना त्यांनी विचारलं, "रक्त कधीपासून जाते?"

"दिवाळीपासून."

"अन् तू आज सांगून राहिला? मले सरळ सांगता येत नव्हतं काय बे?"

"सांगितलं असतं, तर तू घाबरून पाहिलं असतं," सर पट्टा लावत म्हणाले. "मित्राचं आतडं घाबरून पाहिलं, की जे नको ते दिसत नाही. भांडून पाहिलं, म्हणून बरोबर पाहिलं."

तुकडा तपासणीला नागपूरला गेला. उत्तर येईपर्यंतचे ते दिवस! टपालवाला दवाखान्याच्या फाटकात दिसला, की मी हातातलं काम टाकून धावायचो. सर मात्र दुसऱ्याच सकाळी टेबलाशी उभे. आणि पहिल्याच रोग्याला म्हणाले, "गुडघ्यांवर व्हा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

"काय पाहतो? तिकडून दिसलं ना? मंग?"

रोगी होता धामणगावकडचा एक पाटील. मिशा, फेटा, काळ्या जमिनीचा रुबाब. ते टेबलाकडे पाहून म्हणाले, "मी देवापुढे वाकतो, डॉक्टर. दुसऱ्या कोणापुढे नाही."

नर्सच्या हातातला ट्रे तसाच. सरांच्या वडिलांची गोष्ट त्या खोलीत फक्त मला ठाऊक होती, आणि मला वाटलं, आता हा माणूस पाटलाला बाहेर काढणार.

सरांनी चपला काढल्या. टेबलावर चढले. पांढऱ्या कोटासकट गुडघे टेकले, कोपरं टेकली, उशीवर डोकं ठेवलं.

"हे असं, पाटील. काई तुटत नाही."

"उतरा बापा, उतरा!" पाटील दोन्ही हात पुढे करत धावले. "पाप लागन मले!"

"मंग चढता काय?"

पाटील फेटा काढून मुकाट्यानं चढले. त्यांना साधी मूळव्याध निघाली. ते बाहेर गेल्यावर सरांनी पाण्याचा पेला मागितला, आणि तो उभ्याउभ्याच रिकामा केला.

नागपूरचं उत्तर आलं. कर्करोगच. "मुंबईला जा," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. सर म्हणाले, "मुंबईवाल्यानं थोडीच पाहिला? तुनं पाहिला, तूच काढ." त्यांनीच काढला. सरांना पुढं काही वर्षं मिळाली, भांडणासकट, पुरेपूर.

मग रोग यकृतात उतरला. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. आता अकोल्याची गाडी उलटी धावू लागली. दर रविवारी डॉक्टर अमरावतीला येऊन खाटेशी बसायचे.

अशाच एका रविवारी मी विलायती मासिकातला एक लेख वाचून दाखवला. काचेच्या तंतूंची नवी नळी. वाटेल तशी वळते. पुढेमागे सगळं आतडं फिरून येईल म्हणे. सरांनी डोळे उघडले.

"नळीच वाकून राहिली, तर माणसानं काहून वाकावं?" मग मित्राकडे वळून, "मंग झोपवतात कसं?"

लेख माझ्या हातात होता. रोग्याला कसं झोपवतात, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आयुष्यात सरांना एकही मुद्दा सोडला नव्हता. ते म्हणाले, "डाव्या कुशीवर."

"पाह्य!" सर मला म्हणाले. चेहरा लग्नघरासारखा उजळला. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली.

पुढचा रविवार त्यांनी पाहिला नाही. पण लेख वाचला त्या संध्याकाळी मी दाराशी उभा राहून हळूच म्हणालो, "डॉक्टर, निघायला हवं. बडनेऱ्याला गाडी मिळायची नाही."

"जाऊ दे गाडी," ते म्हणाले, आणि खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढून बसले.