मला घोड्यावर ठेवलं

“आप कमर से पकड़ो, पैर मैं लेता हूँ.”

माझ्या डोक्यावरून दोन माणसं बोलत होती. मी व्हीलचेअरवर होते. मला कोणी काही विचारलं नाही. पुढच्या क्षणी मी हवेत होते.

नवा रायपूरच्या एका घोडेस्वारी क्लबात कॉलेजने आम्हा चार दिव्यांग विद्यार्थ्यांना नेलं होतं. घोडा चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबरही चालते, असं मी वाचलं होतं. मी कधी चालले नाही. ते कसं असतं, एकदा कळावं असं वाटत होतं. ही इच्छा घरी सांगितली नव्हती. लाज वाटली.

सलवार गुडघ्यापर्यंत वर गेली. ती ओढता येईना, दोन्ही हातांनी खोगीर धरलेलं. समोर मोबाइल.

“स्माइल करो बेटा.”

घोडा जागचा हलला नाही. फोटो झाले, मला खाली घेतलं.

“भैया, थोड़ा चला देते,” मी हळूच म्हटलं.

“गिर गई तो? बैठ गई ना, बहुत है.”

पाहुणे साहेब उशिरा आले. लगेच क्लबवाल्याचा हुकूम झाला, “इसको फिर चढ़ाओ, साहब के साथ. हल्की है. अंकल, आप भी हाथ लगाओ.”

अंकल म्हणजे मला सोबत म्हणून आलेले माझे बाबा. गुढियारीच्या मालधक्क्यावर हमाली करतात. साहेब दिसला की त्यांची पाठ आपोआप वाकते. ते वाकलेच, माझ्या पायांकडे.

“बाबा,” मी म्हटलं, “पोतं पाठीवर देता, तवा समोरच्याले इचारता ना?”

“इचारतो. तो हव म्हनल्याबिगर देत नाही. मान मोडंल ना त्याची.”

“मंग मले काहून नाही इचारलं?”

बाबांचे हात तिथेच थांबले. मग त्यांनी ते मागे घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी क्लबवाल्याला म्हणाले, “मुझे मत उठाइए.”

“नखरे देखो इसके.”

त्यांनी दुसऱ्या मुलाला उचललं. त्यालाही विचारलं नाही. मी गप्प राहिले. ते अजून टोचतं.

आता कॉलेजच्या बोर्डावर माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘घुड़सवारी का आनंद लेती छात्रा’. खोटं आहे. मी बसले नव्हते. मला ठेवलं होतं.

दोन अर्ज लिहिलेत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, त्यामुळे अर्ज तपासून देणारं कोणी नाही. चुका असतील. एक प्राचार्यांना : माझा फोटो बोर्डावरून उतरवा. दुसरा क्लबला : खोगिराला लागेल एवढा उंच ओटा बांधा, व्हीलचेअर चढेल असा उतार करा, आणि घोडेस्वारी शिकवा.

उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीन. क्लबच्या फाटकाशी जाऊन बसेन. कोणाच्या हातांवरून मी आता चढणार नाही. उतारावर माझी चाकं मी ढकलीन. आणि मी बसल्यावर घोडा चालला पाहिजे.