उसनी प्रयोगशाळा

आशालता कारखानीस यांना पनवेलच्या कॉलेजात सगळे कारखानीसबाई म्हणत. लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं, याची चौकशी त्यांनी स्वतःही केली नसावी. खांदा कॉलनीतल्या छोट्या घरात त्या झोपायला जात, एवढंच. बाकी सगळा संसार फिजिक्स विभागात.

आणि संसार तरी कसला! भाताच्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात दोन खोल्या. कोपऱ्यातल्या कोठीच्या खिडकीला काळा कागद डकवला की झाली डार्क रूम. कागद दमट हवेनं सुटायचा, बाई खळ करून पुन्हा चिकटवायच्या. या भांडवलावर त्यांनी बी.एस्सी.ची पहिली दोन वर्षं वर्षानुवर्षं रेटली. तिसरं वर्ष मात्र विद्यापीठाने कॉलेजला दिलं नव्हतं. फिजिक्समध्ये पदवी हवी असेल त्याने मुंबई गाठावी. मुलगे गाठायचे. मुली घरी बसायच्या, आणि बाई त्या रागाने दोनदोन दिवस कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

अठ्ठ्याऐंशी साली दुसऱ्या वर्षात जवळच्या आपटा गावची भामा घरत होती. गणिताला हात घातला की उत्तर काढूनच सोडणारी. तिचे वडील भगवान घरत एकदा कॉलेजात येऊन सांगून गेले, “बाई, पनवेलात हाय तवर शिकंल. मुंबईला नाय धाडायची मी. आमी गावात ऱ्हातो, लोकांचं ऐकावं लागतं.”

बाईंनी हट्टच धरला. प्राचार्यांच्या मागे लागून तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करायला लावला आणि विद्यापीठाची कमिटी येणार असं ठरलं. आता कमिटी येणार म्हटलं की आसपासच्या कॉलेजांत एक रीत होती. मुलगी बघायला येणार म्हणून शेजारणीच्या बांगड्या आणाव्यात, तशी ओळखीच्या कॉलेजातून उपकरणं आणायची, मांडायची, कमिटीची पाठ फिरली की परत पोचवायची. सगळेच करत, म्हणून कुणाला लाज नव्हती. बाईंना होती, पण भामापुढे ती टिकली नाही.

टेम्पोतून सामान आलं. त्यात विजेचा बारीकसा प्रवाह मोजणारा एक नवाकोरा गॅल्व्हानोमीटर होता, आत केसाएवढ्या तारेवर लोंबणारं वेटोळं असलेला. हे यंत्र हलवायचं तर आधी खटका लावून वेटोळं घट्ट करावं लागतं, नाहीतर तार तुटते. बाईंनी स्वतः खटका लावून तो टेबलावर ठेवला. कमिटीतले गृहस्थ खूश झाले. “खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी एवढं केलंत!” म्हणाले. मंजुरी मिळाली, पेढे वाटले, आणि टेम्पो आला तसा सामान घेऊन परत गेला.

मग बाईंनी उपकरणांसाठी अनुदान मागितलं. उत्तर आलं, आपल्या प्रयोगशाळेत सर्व उपकरणं असल्याचं कमिटीने पाहिलं आहे, सबब गरज दिसत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वर्ष तर सुरू झालं होतं. ज्या कॉलेजाने सामान दिलं होतं, त्यांचीही प्रॅक्टिकल्स चालू, ते पुन्हा कशाला देतील? बाई फळ्यावर गॅल्व्हानोमीटर काढायच्या. आरसा कुठे, प्रकाशाचा ठिपका पट्टीवर कसा सरकतो, सगळं रंगीत खडूंनी. मुलं ते उतरवून घेत आणि बाईंनी दिलेल्या आकड्यांवरून उत्तरं काढत. भामाचं उत्तर सगळ्यांच्या आधी यायचं. पण फळ्यावरच्या गॅल्व्हानोमीटरला खटका नसतो, आणि तो सांगायचा राहिला, हे बाईंच्या ध्यानातही आलं नाही.

प्रॅक्टिकल परीक्षेचं केंद्र मुंबईत होतं. बाई बरोबर आहेत म्हणून भगवानरावांनी भामाला पाठवलं. तिला नेमका गॅल्व्हानोमीटरचा प्रयोग आला. दिव्यासमोर नीट यावा म्हणून तिने तो उचलून थोडा पुढे ठेवला. तार तुटली. ठिपका पट्टीवर येईचना.

बाईंना आत बोलावलं. परीक्षक म्हणजे कमिटीतलेच ते गृहस्थ. ते भामाला म्हणत होते, “तुमच्याकडे तर नवाकोरा आहे. मी स्वतः पाहिलाय. मग कधी हात लावला नाहीस?”

भामाने दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, “हाय ना सर. मीच प्रॅक्टिकलला बसायची नाय. बाईंनी लय येळा सांगितलं, मी ऐकलं नाय.”

बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर तिसरं वर्ष बंद, मागून येणाऱ्या साऱ्या मुली घरी. न सांगितलं तर ही एक. त्या गप्प राहिल्या. या हिशोबाची त्यांना पुढे जन्मभर किळस आली, पण त्या घडीला तो झटकन जमला, हेही खरं.

भामा नापास झाली. तिला ऑक्टोबरला पुन्हा बसवावं म्हणून बाई आपट्याला गेल्या. ओटीवर भगवानरावांनी सतरंजी अंथरली, पण नजर वर करेनात.

“पोरीचं लगीन ठरवलंय, बाई. काय तोंडानं आलात म्हनून नाय इचारत मी, तोंड तर आमीच लपवायचं. तुमी एवडी धडपड केली आन ही उंडारत बसली. तिनंच सांगितलं मला. तुमचं नाव घालवलं तिनं.”

बाई खरं सांगणारच होत्या. पण गावात बातमी फुटली की पनवेलला पोचायला कितीसा वेळ? त्यांनी चहाचा कप उचलला.

“भामे,” भगवानरावांनी आत हाक मारली, “बाहेर ये. बाईंच्या पाया पड, माफी माग.”

भामा आली. वाकली.

“सुखी राहा,” बाई म्हणाल्या.