दहा मिनिटं आणि एक प्रश्न

किस्से काही जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी ओट्यावर लिहायला बसवा, ढीग आपोआप होतो! जठारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी ते बंद, आणि त्याच्या ओट्यावर आमचं लेखन मंडळ सुरू. मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावायचा, मनात येईल ते लिहायचं, मग वाचून दाखवायचं. लिहिताना माणसाच्या डोक्यात नेमकं काय होतं, याचं मला भारी कुतूहल. त्या कुतूहलापायी चहाही मीच पाजतो.

सुरुवातीला कुणी काहीही वाचलं की बाकीचे "वा वा!" करायचे. एकदा वानखडे मॅडम भडकल्या. गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका त्या! "वा वा नं मले काय समजलं? ऐकलं असन तं काही इचारा ना!"

तेव्हापासून वा वा बंद. वाचून झालं की ऐकणाऱ्यांनी फक्त एक प्रश्न विचारायचा.

*

माझा जीव अडकला होता तो रमेशभाऊंमध्ये. मूर्तिजापूरचे पेंटर. अर्ध्या गावाच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि ब्रश सुटला. काम गेलं ते गेलं, माणूसच बसला. दिवसभर भिंतीकडे बघत राहायचे. त्यांच्या बायकोचा, लताबाईंचा फोन आला, "भाऊजी, आता बोलतबी नाईत ते. तुमच्या ओट्यावर तरी बसवा."

पहिल्या रविवारी रमेशभाऊंनी दोन मिनिटांत पेन खाली ठेवला. पाहतो तर झोकदार अक्षरात, 'येथे थुंकू नये.' खाली कोपऱ्यात बारीक, 'रमेश पेंटर, मूर्तिजापूर'. पाटी पुरी झाली की कोपऱ्यात आपलं नाव टाकायचं, ही पेंटर लोकांची रीत.

मॅडमनी विचारलं, "भाऊ, हे कोणाले सांगून राहिले तुमी?"

"ज्याची भिंत त्याले मालूम. मी आजपावतो दुसऱ्याचंच लिवलं. माह्यं काहीच नाई."

मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी, 'शुद्ध गावरानी तूप मिळेल.' खाली नाव! त्याच्या पुढच्या रविवारी, 'शिकवणी वर्ग वरच्या मजल्यावर.' पुन्हा खाली नाव!

*

इंगळेकाका एसटीत कंडक्टर होते, अकोट लाइनला. त्यांनी बकरी घेऊन बसमध्ये चढलेल्या एका म्हातारीबद्दल लिहिलं. मॅडमनी विचारलं, "ते बुडी उतरली कुठी?"

काकांना आठवेचना! आठवडाभर जेवताना म्हातारी, झोपताना म्हातारी. पुढच्या रविवारी मात्र ऐटीत आले. "उतरवली! नाल्यापाशी, बाभयीखाली."

"तिथे स्टॉप आहे का काका?" मी विचारलं.

"नाई ना बाप्पा! सर्विसमंदी कोणासाठीच स्टॉप सोडून गाडी थांबवली नाई. कागदावर थांबवली. आता कोण मेमो देते मले?"

त्या दिवशी रमेशभाऊ पहिल्यांदा हसले. पण लिहिली पाटीच.

*

एकदा मॅडम तणतणत आल्या. पुण्याकडच्या सुनेनं भाजीत साखर घातली होती. वऱ्हाडात! टायमर लागला आणि मॅडमचा पेन सुसाट सुटला. पण वाचायला लागल्या तर अर्ध्यावर सून गायब आणि मॅडमच्या सासूबाई हजर. नव्या नवरीनं, म्हणजे मॅडमनीच, केलेली जाळ तिखट भाजी त्या माउलीनं पाणी पीत पीत, एक शब्द न बोलता संपवली होती. मजकूर तिथेच थांबला.

काकांनी विचारलं, "मॅडम, सुनेची भाजी कायची होती?"

"पाह्यलीच कुठी मी! ताट सरकवलं अन् इकडे आली." मग घड्याळ बघून हळूच म्हणाल्या, "उरली असन का वो?"

चहा न घेताच घरी गेल्या.

*

अमरावतीहून एक साहेब आले होते. लिहिल्यानं मन निरोगी कसं राहतं, यावर व्याख्यानं देतात. सोबत लॅपटॉप, स्लाइड्स, सगळा सरंजाम. आम्ही म्हटलं, आधी दहा मिनिटं लिहा. त्यांनी फायदे लिहिले. एक, ताण कमी होतो. दोन, विचार स्पष्ट होतात. तीन, कल्पनाशक्ती वाढते.

काका म्हणाले, "साहेब, यात तुमी कुठी आहा?"

साहेबांनी लॅपटॉप मिटला. रमेशभाऊ माझ्या कानाशी लागले, "याचीबी पाटीच झाली ना!"

पुढच्या रविवारी साहेब पहिल्या गाडीनं परत आले. लॅपटॉप न आणता!

*

त्याच रविवारी रमेशभाऊंनी लिहिलं, 'रंग ओला आहे. हात लावू नये.' खाली नाव.

काकांनी सहज विचारलं, "भाऊ, कोणता रंग?"

रमेशभाऊ चहा तसाच ठेवून उठले, मूर्तिजापूरच्या गाडीसाठी स्टेशनकडे चालू लागले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस यायचा नाही.

पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी हजर! टायमर लागला. दोन मिनिटं गेली, पाच गेली, पेन चालूच. घंटी वाजली. आम्ही सगळे थांबलो, ते थांबेनात. मॅडमनी आपलं वाचलं, काकांनी आपलं वाचलं, साहेबांनी वाचलं. रमेशभाऊंनी पान उलटलं. मी वाकून पाहिलं तर झोकदार अक्षर कुठेच नाही. नुसता गिचमिड कारभार, मध्येच खाडाखोड.

चहा आला. मी म्हटलं, "रमेशभाऊ, टाइम झाला. टाका आता कोपऱ्यात नाव!"

मान वर न करता म्हणाले, "कायले टाकू? पाटी कुठी पुरी झाली अजून!"